स्फुरद पेरावे, फोकू नये
हिंगोली जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत स्फुरदयुक्त खतांची निवड आणि वापर

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वापसा आला, म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या हाती पेरणीसाठी मोजकेच दिवस असतात. त्या दिवसांत औत, बियाणे, मजूर आणि खत ही सर्व एकाच वेळी बांधावर हजर असावी लागतात. अलीकडील काही हंगामांत मात्र असे अनेकदा घडले आहे की, पहिल्या तीन गोष्टी शेतात तयार आहेत आणि घरधनी तालुक्याच्या गावी खताच्या दुकानापुढे रांगेत उभा आहे. त्यास एकाच नावाचे खत हवे असते, आणि ते म्हणजे डीएपी. ते न मिळाल्यास तो दोहोंपैकी एक मार्ग धरतो. एक तर खताची वाट पाहत पेरणी लांबवितो. नाही तर खताविना पेरून मोकळा होतो आणि पुढे डीएपी हाती आले, म्हणजे वीस-पंचवीस दिवसांच्या उभ्या पिकात ते फोकून देतो. पहिल्या मार्गाने वापसा जातो, दुसऱ्याने पैसा जातो.

ही दोन्ही नुकसाने टाळता येण्याजोगी आहेत. पिकास डीएपी हे नाव नको असते, त्यास स्फुरद हवे असते. आणि ते स्फुरद कोणत्या पोत्यातून आले ह्यापेक्षा ते कोठे व केव्हा पडले, ह्यास अधिक महत्त्व आहे. ही गोष्ट आपल्या जमिनीच्या गुणधर्मावरून कशी सिद्ध होते आणि तिचा पेरणीच्या वेळी कसा उपयोग करावा, ह्याचा विचार पुढे केला आहे.

आपली जमीन आणि स्फुरद

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ ह्या पाच तालुक्यांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. दोन्ही जिल्ह्यांची जमीन मात्र एकाच काळ्या पाषाणापासून बनलेली आहे. पूर्णा व कयाधू ह्या नद्यांच्या काठी ती खोल व भारी आहे. सेनगाव, औंढा आणि कळमनुरीकडील माळरानावर हलकी व मुरमाड आहे. खोली कमीअधिक असली, तरी एक गुण सर्वत्र कमीअधिक प्रमाणात आढळतो, आणि तो म्हणजे जमिनीतील चुना. नांगरटीच्या वेळी तासात जे पांढरे खडे वर येतात, ते ह्या चुन्याचेच होत. अशा जमिनीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. पालाशाच्या बाबतीत ह्या जमिनी सामान्यतः संपन्न असतात. पिकास मिळू शकणारे स्फुरद मात्र पुष्कळ शेतांत कमी असते.

पाण्यात विरघळणारे स्फुरद अशा जमिनीत पडले, म्हणजे त्याचा जमिनीतील चुन्याशी संयोग होतो आणि हळूहळू त्याचे न विरघळणाऱ्या स्वरूपात रूपांतर होते. खताचा कण जितक्या जास्त मातीच्या संपर्कात येईल, तितके हे रूपांतर लवकर घडते. शेतभर फोकलेले खत सर्व मातीस थोडे थोडे वाटले जाते आणि चुना त्यास सहज पकडून ठेवतो. तेच खत तासात एका ओळीने पेरले, म्हणजे त्याचा मातीशी संबंध कमी येतो आणि रोपाच्या मुळास ते अधिक काळ उपलब्ध राहते.

दुसरे असे की, स्फुरद जमिनीत चालत नाही. नत्र पाण्याबरोबर खाली-वर जाते. म्हणून युरिया वरून दिला आणि नंतर पाऊस झाला, तर तो मुळापर्यंत पोहोचतो. स्फुरद मात्र जेथे पडते, तेथून संपूर्ण हंगामात काही मिलिमीटरच सरकते. मुळाने त्याच्याजवळ जावयाचे असते. ते मुळाजवळ येत नाही. उभ्या पिकात वरून टाकलेले स्फुरद जमिनीच्या वरच्या थरातच राहते, आणि हा थर पावसाने ताण देताच प्रथम सुकतो. कोरड्या मातीतून मूळ काहीच शोषू शकत नाही. उशिरा फोकलेल्या डीएपीने पीक हिरवे झाल्यासारखे दिसते, ते त्यातील नत्रामुळे होय. त्यातील महाग भाग, म्हणजे स्फुरद, पृष्ठभागावरच पडून राहते.

स्फुरदाची गरज पिकास सर्वांत अधिक त्याच्या बालपणी असते. मुळे फुटणे, त्यांचा विस्तार होणे आणि सोयाबीन, तूर, हरभरा ह्यांसारख्या द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी धरणे, ही कामे पहिल्या महिन्यातच व्हावयाची असतात. त्या वेळी मूळ लहान असते आणि त्याचा पल्लाही लहान असतो. ह्या काळात स्फुरद कमी पडल्यास रोप खुजे राहते, पानांस निस्तेज गडद हिरवा रंग येतो, ज्वारी व मका ह्यांची पाने व खोड जांभळट दिसू लागतात, फुलोरा लांबतो आणि पीक उशिरा पक्व होते. ही लक्षणे दिसून आल्यावर खत देऊन झालेली हानी भरून निघत नाही. म्हणून स्फुरदाचा संपूर्ण हप्ता पेरणीच्या वेळीच द्यावा, असा नियम आहे.

पोत्यावरील आकडे वाचण्याची सवय लावावी

स्फुरदयुक्त खत ही काही आजची वस्तू नव्हे. इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील जॉन बेनेट लॉज ह्यांनी १८४२ साली आम्लाच्या साह्याने सुपर फॉस्फेट बनविण्याचे स्वामित्व मिळविले, आणि भारतात ह्या खताचा कारखाना १९०६ साली तामिळनाडूतील राणीपेट येथे निघाला. डीएपी हे त्यामानाने पुष्कळ नंतर आपल्या शेतात आले. त्याचा मोठा भाग परदेशातून येतो, आणि देशात जे बनते त्याचा कच्चा मालही बव्हंशी बाहेरूनच आणावा लागतो. चीनने २०२१ पासून निर्यातीवर वेळोवेळी निर्बंध घातल्यामुळे ऐन हंगामात त्याची चणचण भासण्याचे प्रसंग वाढले आहेत. अशा वेळी ज्यास पोत्यावरील आकडे वाचता येतात, त्याचे अडत नाही.

पोत्यावरील पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा व तिसरा पालाशाचा असतो. चौथा आकडा असल्यास तो गंधकाचा. हे प्रमाण शेकडा असते. डीएपीवर १८:४६:० असे लिहिलेले असते. म्हणजे ५० किलोच्या एका पोत्यात ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद शेकडा १६ असते. म्हणजे एका पोत्यात ८ किलो. ह्याशिवाय त्यात शेकडा सुमारे ११ गंधक व पुष्कळसे कॅल्शियम असते. ह्यावरून स्फुरदापुरते पाहिले असता, डीएपीचे एक पोते आणि सुपर फॉस्फेटची तीन पोती ही जवळजवळ बरोबरीची ठरतात.

आता सोयाबीनचे उदाहरण घेऊ. कारण ह्या जिल्ह्यात खरिपाचे मोठे क्षेत्र त्याच पिकाखाली असते. मराठवाड्यासाठी सोयाबीनची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश व २० किलो गंधक अशी आहे. एकराच्या हिशेबाने ती अनुक्रमे १२, २४, १२ व ८ किलो होते. ही मात्रा पुढीलपैकी कोणत्याही एका रीतीने पुरविता येते.

पहिली रीत: सिंगल सुपर फॉस्फेट १५० किलो, म्हणजे तीन पोती, युरिया २६ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो. ह्यात गंधक आपोआप मिळते; वेगळे द्यावे लागत नाही.

दुसरी रीत: डीएपी ५२ किलो, युरिया ६ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो. ह्यात गंधक मुळीच नाही. ते वेगळे विकत घ्यावे लागते.

तिसरी रीत: १२:३२:१६ हे मिश्रखत ७५ किलो, म्हणजे दीड पोते, युरिया ६ ते ७ किलो. ह्यात पालाश बरोबर बसते. गंधक मात्र वेगळे द्यावे लागते.

चौथी रीत: ट्रिपल सुपर फॉस्फेट ५२ किलो, युरिया २६ किलो, म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो, गंधक वेगळे.

२०:२०:०:१३ हे खत बाजारात सहज मिळते व त्यात गंधकही असते. परंतु त्यातून २४ किलो स्फुरद द्यावयाचे झाल्यास १२० किलो खत लागते आणि त्याबरोबर २४ किलो नत्र, म्हणजे शिफारशीच्या दुप्पट, पडते. नत्राचा असा अतिरेक झाला, तर सोयाबीन पाल्यावर जाते आणि मुळांवरील गाठी मंदावतात. हे खत कापूस, ज्वारी ह्यांसारख्या नत्राची भूक अधिक असलेल्या पिकांस योग्य होय.

सोयाबीन हे तेलबियांचे व भरपूर प्रथिने असलेले पीक आहे. तेल व प्रथिने ह्या दोहोंच्या घडणीस गंधक लागते. वर्षानुवर्षे केवळ डीएपी घातलेल्या शेतांत गंधकाची उणीव भासू लागते, ती ह्याच कारणाने. म्हणून सोयाबीन, तूर, हरभरा, करडई ह्या पिकांस सुपर फॉस्फेट हे केवळ डीएपी न मिळाल्यास घ्यावयाचे खत नसून, पहिल्या पसंतीचे खत आहे. त्याची एकच अडचण अशी की, पोती अधिक असल्याने वाहतुकीस व पेरणीच्या वेळी पेटी भरण्यास श्रम अधिक पडतात. ज्यांचे शेत रस्त्यापासून दूर आहे, त्यांनी हे खत पावसापूर्वी, वाट कोरडी असतानाच, नेऊन फळ्यांवर रचून ठेवावे.

भावाची तुलना पोत्याच्या किमतीवरून करू नये. पोत्याची किंमत त्यातील स्फुरदाच्या किलोंनी भागावी, म्हणजे एक किलो स्फुरद कितीस पडले ते कळते. डीएपीच्या किमतीतून आधी ९ किलो नत्राची, म्हणजे सुमारे २० किलो युरियाची, किंमत वजा करावी. सुपर फॉस्फेटच्या हिशेबात गंधकाची बचतही धरावी. हा हिशेब दुकानाच्या पायरीवर नव्हे, तर मे महिन्यात घरी बसून करावा.

काही खते आपल्या जमिनीस उपयोगी नाहीत, हेही लक्षात ठेवावे. दगडी स्फुरद व हाडांचे खत आम्लधर्मी जमिनीत विरघळते. कोकणासारख्या भागात त्याचा उपयोग होतो. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत ते थेट घातल्यास जसेच्या तसे पडून राहते. २०२३ साली बाजारात आलेल्या नॅनो डीएपीविषयीही असाच स्पष्ट हिशेब मांडावा. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सुमारे ८० ग्रॅम स्फुरद असते आणि डीएपीच्या पोत्यात २३ किलो. बाटलीतील द्रव पानावर फवारण्याचे पूरक साधन होय. जमिनीत पेरावयाच्या स्फुरदाची जागा ते घेऊ शकत नाही.

पेरणीची रीत

सोयाबीनचे बी तीन ते चार सेंटिमीटर खोल पडावे आणि खत त्याच्यापासून सुमारे दोन इंच खाली किंवा बाजूस पडावे. मूळ खाली उतरताच त्यास खताची ओळ सापडते. दुचाडी तिफणीने किंवा खताची वेगळी पेटी व वेगळे नळे असलेल्या ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने हे काम एकाच फेरीत होते. काही यंत्रांत बी व खत ह्यांच्या पेट्या वेगळ्या असूनही दोन्ही एकाच नळीतून खाली येतात. असे यंत्र भाड्याने घेण्यापूर्वी त्याचे नळे पाहून घ्यावेत. ज्यांच्याजवळ साधी तिफण आहे, त्यांनी आधी खत थोडे खोल पेरून घ्यावे आणि नंतर त्याच तासांवरून बी उथळ पेरावे. हेही शक्य नसल्यास शेवटच्या वखरपाळीपूर्वी खत टाकून ते वखराने मातीत मिसळावे. ही रीत दुय्यम असली, तरी उभ्या पिकात फोकण्यापेक्षा निश्चितच बरी आहे.

बी व खत एकाच चाड्यात मिसळून पेरण्याची चाल पुष्कळ ठिकाणी दिसते. ती सोडून द्यावी. सोयाबीनच्या बियाचे टरफल नाजूक असते. डीएपीचा दाणा चुनखडीच्या जमिनीत विरघळताना त्यातून अमोनिया सुटतो आणि शेजारचे बी उगवण्यापूर्वीच दगावू शकते. पाऊस खंडला, तर ही हानी अधिक होते. युरियाही बियास कधी लागू देऊ नये.

खत ठरल्याप्रमाणे पडते किंवा नाही, हे पाहण्याची सोपी युक्ती अशी. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असल्यास एका एकरात सुमारे ९,००० मीटर लांबीच्या ओळी होतात. पेरणीपूर्वी यंत्राच्या एका खत-नळीस पिशवी बांधावी, यंत्र बरोबर २० मीटर चालवावे आणि पिशवीत जमलेले खत तोलावे. एकरी तीन पोती सुपर फॉस्फेट पडावयाचे असल्यास ते सुमारे ३३५ ग्रॅम भरले पाहिजे. एकरी एक पोते डीएपी असल्यास सुमारे ११० ग्रॅम. कमीअधिक भरल्यास पेटीची झडप त्याप्रमाणे सारून घ्यावी. ह्या कामास अर्धा तास लागतो. परंतु संपूर्ण शेताचा हिशेब त्यावर अवलंबून असतो.

सुपर फॉस्फेट व युरिया एकत्र करावयाचे असल्यास पेरणीच्या वेळीच करावे. आदल्या दिवशी मिसळून ठेवल्यास त्यास पाणी सुटते आणि नळे तुंबतात. झिंक सल्फेट मात्र कोणत्याही स्फुरदयुक्त खतात मिसळू नये. दोहोंचा संयोग होऊन दोन्ही वाया जातात. माती परीक्षणात जस्ताची उणीव आढळल्यास एकरी १० किलो झिंक सल्फेट वेगळे द्यावे.

जिवाणू खते आणि शेणखत

द्विदल पिकांच्या बियास रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू ह्यांची प्रक्रिया अवश्य करावी. प्रत्येकी २५० ग्रॅमचे पाकीट १० किलो बियास पुरते. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावावे आणि जिवाणू खत सर्वांत शेवटी. प्रक्रिया केलेले बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. सुपर फॉस्फेटमधील आम्लाने हे जिवाणू मरतात. बी व खत वेगळे ठेवण्याचे हे दुसरे कारण होय. हे जिवाणू जमिनीत अडकलेल्या स्फुरदाचा काही भाग मोकळा करतात. तथापि ते खताचे साहाय्यक आहेत, खत नव्हेत.

ज्यांच्याजवळ शेणखत आहे, त्यांनी ते कुजत असताना त्यात थोडे सुपर फॉस्फेट मिसळावे. त्यामुळे शेणखतातील नत्र उडून जाणे कमी होते आणि सेंद्रिय पदार्थाच्या आवरणामुळे स्फुरदही चुन्याच्या तावडीतून काही अंशी सुटते.

माती परीक्षणावरून मात्रा ठरवावी

वर दिलेली मात्रा मध्यम स्फुरद असलेल्या जमिनीसाठी आहे. एक क्विंटल सोयाबीनबरोबर शेतातून साधारण एक ते दीड किलो स्फुरद बाहेर जाते. म्हणजे आठ क्विंटल उत्पन्न आले, तरी दिलेल्या २४ किलोंपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक शेतातच राहते. ते नाहीसे होत नाही. अडकून पडते व पुढील काळात थोडे थोडे सुटते. ज्या शेतांत अनेक वर्षे भरपूर स्फुरद पडले आहे, तेथे ह्या ठेवीचा उपयोग करून घेता येतो. विशेषतः वसमत भागातील हळदीची बागायत शेते ह्या दृष्टीने तपासून पाहावीत. अहवालात स्फुरद कमी आढळल्यास मात्रा पाव हिश्शाने वाढवावी, भरपूर आढळल्यास पाव हिश्शाने कमी करावी. निष्कारण जादा स्फुरद घातल्याने पिकास जस्त मिळेनासे होते, हेही ध्यानात असावे.

मातीचा नमुना पीक काढल्यानंतर, शेणखत घालण्यापूर्वी घ्यावा. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती काढावी; बांध, झाडाची सावली, उकिरड्याची जागा टाळावी. सर्व माती मिसळून, चार भाग करून, समोरासमोरचे दोन भाग टाकीत जावे व शेवटी अर्धा किलो नमुना प्रयोगशाळेस द्यावा.

अन्य पिकांविषयी थोडक्यात

तूर व हरभरा ह्यांस एकरी १० किलो नत्र व २० किलो स्फुरद पुरते. म्हणजे सुपर फॉस्फेट अडीच पोती व युरिया २२ किलो. सोयाबीनला खत दिले म्हणून हरभरा तसाच पेरू नये. रब्बीत ओल खाली जात असल्याने त्यास खत खोल पेरण्याची गरज अधिकच असते. हळदीस एकरी ४० किलो स्फुरद लागते, म्हणजे सुपर फॉस्फेट पाच पोती. ते सर्व लागवडीच्या वेळीच द्यावे. नत्र मात्र हप्त्यांनी विभागून द्यावे.

खरेदी करताना पोत्याची शिवण पाहावी आणि बॅच क्रमांकासह पक्की पावती घ्यावी. डीएपीचे काही दाणे तळहातावर घेऊन खाण्याच्या चुन्याबरोबर चोळले असता नाकास झोंबणारा अमोनियाचा वास आला पाहिजे. वास न आल्यास पोते तसेच ठेवून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस

ह्या सर्व गोष्टी सभेत सांगून जितक्या पटतील, त्याहून शेतात दाखवून अधिक पटतील. प्रत्येक गावात एका शेतकऱ्याच्या संमतीने सोयाबीनच्या शेजारशेजारी तीन पट्ट्या पाडाव्यात. पहिल्या पट्टीत सुपर फॉस्फेट बियाखाली पेरावे. दुसरीत डीएपी बियाखाली पेरून गंधक वेगळे द्यावे. तिसरीत तितकेच डीएपी व गंधक पंचविसाव्या दिवशी वरून फोकावे. तिन्ही पट्ट्यांत बी, अंतर व मशागत एकच ठेवावी. पंचेचाळिसाव्या दिवशी गावकऱ्यांस बोलावून प्रत्येक पट्टीतील पाच झाडे कुदळीने मुळासकट उकरावीत, मुळे पाण्यात धुवावीत आणि गाठी मोजून दाखवाव्यात. गाठ नखाने फोडून आत लाली दिसते का, तेही दाखवावे; लाल गाठ ही काम करणारी गाठ होय. काढणीच्या वेळी पट्ट्यांचे उत्पन्न वेगवेगळे तोलून ते गावाच्या चावडीवर लिहावे.

शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या हंगामासाठी एवढाच निश्चय करावा: मे महिन्यात हिशेब करून जे स्फुरद मिळेल ते घरी आणावे, वापसा येताच पेरणी करावी, आणि त्याच फेरीत ते स्फुरद बियाखाली पेरावे. खताच्या नावासाठी वापसा घालवू नये.